दानापलीकडे : विकासकार्य आणि ग्रामीण स्त्री

पाठाचा उद्देश : विकासकार्यात गरीब स्त्री मदत घेणारी न राहता निर्णय घेणारी कशी होते, हे जामखेडच्या अनुभवावरून समजून घेणे.

आपल्या अनेक मंडळ्या गरीब वस्त्यांत कार्य करतात. शिलाई यंत्रे दिली जातात, शेळ्या वाटल्या जातात. अहवालात वाटपाची संख्या येते. परंतु यंत्रावरची मिळकत कोणाच्या हाती गेली, शेळी विकण्याचे कोणी ठरवले, हे क्वचितच विचारले जाते. वस्तू स्त्रीच्या नावे व सत्ता दुसऱ्याची, असे झाल्यास तिचे केवळ कष्ट वाढतात.

१. विश्वास
वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेड या दुष्काळी तालुक्यात ग्रामीण आरोग्य प्रकल्प आरंभिला. प्रथम त्यांनी प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत पाठविल्या. परंतु बाहेरून आलेल्या तरुणींचा तेथे जम बसेना. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी, असे ठरले. अशा आरोग्यसेविकांपैकी बहुतेक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या.

२. ज्ञान
या स्त्रिया दर आठवड्यास जामखेडला येऊन सुरक्षित बाळंतपण, मुलांचा आहार, लसीकरण, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी असे विषय शिकत. निरनिराळ्या जातींच्या स्त्रिया तेथे एकत्र राहत व जेवत. हाही एक धडाच होता. कार्याच्या आरंभी त्या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १७६ वर्षाच्या आत दगावत. शतक संपण्यापूर्वी हे प्रमाण तिसाच्या खाली आले. डॉक्टरांनी आपले ज्ञान वाटून दिले, म्हणून हे घडले. जिच्या हातून गावातील मूल वाचते, तिचा शब्द पुढे गावही ऐकू लागते.

३. संघटन
एकटी स्त्री घरात गप्प केली जाते. म्हणून गावोगावी महिला मंडळे उभी राहिली. तेथे बचत, कर्ज, आरोग्य यांचा विचार स्त्रिया स्वतः करू लागल्या. पाण्याच्या कूपनलिका दलित वस्तीत घेतल्याने सवर्ण स्त्रियांनाही तेथे यावे लागले, आणि जुन्या भिंतीला तडा गेला.

हे कार्य एका वर्षाच्या अनुदानात होत नाही. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोपर्यंत नऊ वर्षे लोटली होती. शिवाय देणाऱ्याला आपला मोठेपणा सोडावा लागतो, आणि तेच अधिक कठीण असते.

चर्चेसाठी प्रश्न
१. आपल्या मंडळीच्या प्रकल्पात पैशाचा निर्णय कोण घेते? त्या समितीत लाभार्थी स्त्रिया किती आहेत?
२. आपण गेल्यावर कोणते ज्ञान त्या वस्तीत उरेल?
३. सलाफहादाच्या कन्यांनी मोशेपुढे उभे राहून वतनाचा हक्क मागितला (गणना २७). आपल्याकडे असे उभे राहण्यास स्त्रियांना जागा आहे काय?