खारे पाणी आणि प्रभारांचे गणित

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने निर्माण झाले असून त्याचे पाणी खारट व अल्कधर्मी आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर पांढरे क्षार दिसू लागतात. याच जिल्ह्याचा काही भाग पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात मोडतो. पाण्यात दिसेनासे होणारे मीठ पाणी आटताच पुन्हा का प्रकटते, याचे उत्तर विद्युत प्रभारांच्या स्थितिज ऊर्जेत सापडते.

मिठात सोडियमवर एक धन व क्लोरीनवर एक ऋण प्रभार असतो. दोन प्रभारांचा गुणाकार करून त्यास १.४४ ने गुणावे व नॅनोमीटरमधील अंतराने भागावे. ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. मिठाच्या स्फटिकात शेजारच्या दोन आयनांमधील अंतर सुमारे ०.२८ नॅनोमीटर असते. म्हणून त्या जोडीची ऊर्जा उणे ५.१ येते. उणे चिन्ह आकर्षण दर्शविते. जोडी विलग करण्यास तितकीच ऊर्जा पुरवावी लागते.

प्रभार तीन असल्यास जोड्याही तीन होतात. समजा, मध्ये अधिक २ व दोन्ही बाजूंस ०.२८ नॅनोमीटरवर प्रत्येकी उणे १ प्रभार आहे. आकर्षणाच्या दोन जोड्या प्रत्येकी उणे १०.३ देतात, तर टोकांचे प्रतिकर्षण अधिक २.६, एकूण उणे १८. प्रत्येक जोडी एकदाच मोजावी, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे आवश्यक आहे.

सामान्य तापमानास रेणूंच्या उष्ण हालचालीची ऊर्जा सुमारे ०.०२६ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. मिठाच्या जोडीचे बंधन तिच्या जवळजवळ २०० पट आहे. पाणी मात्र हे आकर्षण स्थूलमानाने ८० पटीने घटविते. ऊर्जा ०.०६४ वर, म्हणजे केवळ अडीच पटीवर येते आणि आयन विलग होऊन पाण्यात विखुरतात.

विखुरलेले हे आयन कापडाने गाळले जात नाहीत. पाणी उकळल्याने जंतू मरतात, परंतु मीठ तसेच राहते. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते. त्यासाठी ऊर्ध्वपातन, व्यस्त परासरण किंवा अन्यत्रचे गोडे पाणी हेच मार्ग उरतात. व्यस्त परासरणातून उरणारे अधिक खारे पाणी शेतात वा विहिरीलगत सोडले जाणार नाही, याची दक्षता ग्रामपंचायतींनी अवश्य घ्यावी.