एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप कसे बदलतात?

प्रश्न : स्प्रेडशीटमध्ये एका खान्यातला आकडा बदलला की बेरीज आपोआप बदलते. ॲप लिहिताना मात्र प्रत्येक बदलाची आज्ञा वेगळी द्यावी लागते. असं का?

उत्तर : द्यावीच लागते असं नाही. नेहमीच्या पद्धतीत ‘बटण दाबलं की हे कर’ अशा आज्ञा असतात. खरेदीच्या ॲपमध्ये वस्तूंची संख्या पाच ठिकाणांहून बदलत असेल, तर एकूण रक्कम पुन्हा मोजायची आज्ञा पाचही ठिकाणी लागते. एखादी राहून गेली की रक्कम चुकली! फंक्शनल रिॲक्टिव्ह प्रोग्रामिंगमध्ये ‘रक्कम म्हणजे संख्या गुणिले दर’ हे नातं एकदाच लिहायचं. ते सांभाळणं लायब्ररीचं काम.

ही कल्पना कोनल एलियट आणि पॉल हुडाक यांनी १९९७ मध्ये हास्केल भाषेतल्या ‘फ्रान’ या ॲनिमेशनच्या लायब्ररीतून मांडली. तिच्यात माउसच्या जागेसारखी सतत बदलणारी किंमत म्हणजे ‘बिहेव्हियर’, आणि क्लिकसारखी त्या त्या क्षणी घडणारी गोष्ट म्हणजे ‘इव्हेंट’.

खरी मेख आहे ती क्रमात. समजा ख = क + १ आणि ग = क + ख. क २ असेल तर ख ३ आणि ग ५. आता क ३ केला, तर ग ७ व्हायला हवा. पण ख बदलण्याआधीच ग मोजला, तर उत्तर येतं ६. हा आकडा आधीही खरा नव्हता, नंतरही नाही. या क्षणिक चुकीला ‘ग्लिच’ म्हणतात. ती टाळायला कोण कोणावर अवलंबून आहे हे पाहून लायब्ररीला त्याच क्रमाने हिशेब करावा लागतो. सगळ्या लायब्ऱ्या हे करत नाहीत. वेबवर खूप वापरल्या जाणाऱ्या आरएक्सजेएसमध्ये ‘कम्बाइनलेटेस्ट’ने क आणि ख जोडले, तर असा मधला आकडा बाहेर पडू शकतो.

आरएक्सजेएसचा भर घटनांच्या प्रवाहावर आहे. तिच्यात फ्रानसारखा अखंड काळ नाही, म्हणून तिला ‘फंक्शनल रिॲक्टिव्ह प्रोग्रामिंग’ हे नाव देणं एलियट यांना मान्य नाही. पण शोधपेटीत नवं अक्षर टाइप होताच जुन्या शोधाचं उशिरा येणारं उत्तर टाकून देणं तिच्या ‘स्विचमॅप’ने एका ओळीत होतं.

मग सगळीकडे हेच वापरावं का? याच विचारावर उभ्या राहिलेल्या एल्म भाषेनेही २०१६ मध्ये, नवशिक्यांना सोपं जावं म्हणून, ही पद्धत सोडली. दोन-तीन बटणांच्या ॲपला साध्या आज्ञा पुरतात. एका किमतीवर अनेक गोष्टी अवलंबून असतील, तेव्हा नाती लिहिणं परवडतं.