काचेच्या टाकीत माशांसोबत कोळंबी

कोळंबी म्हटली की आपल्या गोमंतकात प्रथम हुमण आठवते आणि त्यात गैर काही नाही. परंतु हौशी लोकांच्या घरी व क्वचित शाळांतही काचेच्या टाकीत आता एक निराळी कोळंबी दिसते. जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांबीची ही लालचुटूक कोळंबी 'चेरी' या नावाने विकली जाते. तिचे मूळ तैवान व दक्षिण चीनमधील गोड्या पाण्यात असून मुळातील तपकिरी रंगातून निवडपैदाशीने हा तांबडा रंग आणलेला आहे. ती शेवाळ व उरलेसुरले अन्न खाते, कोणास चावत नाही. मात्र माशांसोबत ठेवल्यावर ती दिसेनाशी होते, अशी तक्रार शिक्षकबंधुभगिनींकडून कानी येते आणि दोष अर्थातच माशांवर ठेवला जातो.

हा दोष पुष्कळदा अनाठायी असतो. प्रस्तुत लेखकाने एका प्रदर्शनासाठी अशी टाकी मांडली होती. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसताच बाजारातून औषधाची बाटली आणून चार थेंब टाकीत टाकले. सकाळी मासे टुणटुणीत होते, कोळंब्या मात्र एकूणएक तळाशी आडव्या पडल्या होत्या. रात्री माशांनी त्यांना मारले असावे, असेच मी सर्वांना सांगत होतो. एका जाणत्या गृहस्थांनी बाटलीवरील मजकूर मोठ्याने वाचला, तेव्हा औषधात तांबे असल्याचे समजले. मी कला शाखेचा पदवीधर असलो, तरी वाचता येणे अपेक्षित होतेच.

तांबे हा कोळंबीचा मोठा वैरी होय. तिच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम तांबेयुक्त द्रव्यच करते हे खरे, पण पाण्यात विरघळलेले तांबे अत्यल्प प्रमाणातही तिला घातक ठरते. आपल्याकडे हे ध्यानी ठेवण्यास विशेष कारण आहे. पोफळीवरील कोळेरोगासाठी आपण बोर्डो मिश्रण फवारतो, ते मोरचूद व चुना यांचे असते आणि मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. फवारणीचे हात, बादली वा फडके टाकीजवळ नेऊ नये. तांब्याच्या हंड्यात रात्रभर राहिलेले पाणीही टाकीत ओतू नये. आजारी माशास औषध द्यावयाचे झाल्यास त्याला वेगळ्या भांड्यात काढून द्यावे.

पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावर काही दिवस ते पाणी वापरू नये. नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच घ्यावे, म्हणजे त्यातील क्लोरीन बहुतांशी निघून जातो. पाणी बदलताना एका वेळी पाचव्या हिश्श्याहून अधिक बदलू नये.

आता माशांकडे वळू. मासा दुष्ट नसतो, परंतु तोंडात मावेल ते तो गिळतोच. पोट भरलेले असले तरी गिळतो. म्हणून एंजल, गोल्डफिश व तत्सम मोठ्या तोंडाचे मासे कोळंबीसोबत ठेवूच नयेत. फायटर माशाचा स्वभाव प्रत्येकाचा वेगळा, तेव्हा त्याच्यावर विसंबू नये. हिवतापाच्या डासांवर उपाय म्हणून विहिरीत सोडला जाणारा आपल्या ओळखीचा गप्पी मोठ्या कोळंबीस सहसा त्रास देत नाही. तिची नवजात पिल्ले मात्र तो टिपतो. ही पिल्ले सुमारे दोन मिलिमीटरची असून दिसण्यास हुबेहूब आईसारखी असतात. मादी वीस-तीस अंडी पोटाखाली तीन-चार आठवडे वागवते, हे मुलांना भिंगातून अवश्य दाखवावे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. नदीतून पकडलेले लांब नांग्यांच्या कोळंबीचे पिल्लू हौसेने टाकीत सोडू नये. ते वाढल्यावर झोपेतील लहान माशांना पकडते.

कोळंबी सर्वांत असहाय असते ती कात टाकल्यावर. वाढ होण्यासाठी तिला जुने कवच सोडावे लागते. नवे कवच घट्ट होईपर्यंत ती मऊ असते, दडून बसते, आणि एरवी निरुपद्रवी असलेला मासाही त्या वेळी तिला टोचतो. म्हणून टाकीत आधी आडोसा, मग कोळंबी आणि शेवटी मासे हा क्रम कधी मोडू नये. जावा मॉसचे दाट पुंजके, दगडांच्या फटी, शाळेच्या आवारातील देशी बदामाची वाळलेली पाने (औषध न फवारलेली) एवढे पुरते. पानांवर जमणारा बुळबुळीत थर पिल्ले खातात. पाणी भरून वनस्पती लावल्यावर चार ते सहा आठवडे टाकी मुरू द्यावी. या काळात चिमूटभर खाद्य टाकत राहावे, म्हणजे घाणीतून होणारा अमोनिया पचविणारे सूक्ष्म जीव तयार होतात. कोळंबी सोडल्यावर तिची पिल्ले दिसेपर्यंत मासे आणू नयेत. पाणी गाळणाऱ्या यंत्राच्या तोंडावर स्पंज बांधावा, नाहीतर पिल्ले आत ओढली जातात.

टाकलेली कात मेलेल्या कोळंबीसारखी दिसते. ती काढून टाकू नये. कोळंब्या ती खाऊन त्यातील चुना परत मिळवतात. जांभ्या दगडाच्या प्रदेशातील पाण्यात चुना कमी असतो, तेव्हा तिसऱ्यांचे दोन-तीन धुतलेले शिंपले तळाशी ठेवावेत.

मे महिन्याच्या सुट्टीत शाळा बंद असताना उन्हाने पाणी तापते. वीस ते अठ्ठावीस अंश तापमान कोळंबीस मानवते, म्हणून टाकी सावलीत हलवावी व आटलेले पाणी कोणीतरी भरावे. ते शक्य नसेल तर कोळंब्या गावातील एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी द्याव्यात. ओढ्यात वा विहिरीत मात्र सोडू नयेत. सह्याद्रीच्या झऱ्यांत त्यांच्या स्वतःच्या लहान कोळंब्या आहेत. टाकीचे पाणीही गटारात न ओतता झाडाच्या बुंध्याशी ओतावे, कारण त्यातून पिल्ले गेलेली सहसा दिसत नाहीत.