उघडे डोळे, जागा मेंदू



अतिदक्षता विभागाच्या दाराशी एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो : "साहेब, बाबांचे डोळे उघडे आहेत, मग ते आम्हांला ओळखत का नाहीत?" शस्त्रक्रियेनंतर किंवा तीव्र तापात एखाद्या वृद्ध रुग्णास भिंतीवर किडे दिसू लागतात, पोटचा मुलगा परका वाटतो. "वात झाला" असे म्हणून घरची माणसे हवालदिल होतात. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. निदान हा डॉक्टरांचा अधिकार. तथापि त्यांच्या सहवासातून व वाचनातून जे उमगले, ते येथे मांडत आहोत.

दृष्टिपटलावर उमटलेला संदेश सुमारे दहा लाख तंतूंच्या दृष्टिचेतेतून निघून, थॅलॅमस या मेंदूतील ठाण्यामार्गे, डोक्याच्या मागील बाजूस असलेल्या दृष्टिक्षेत्रात पोहोचतो. आमच्या हिशेबी भाषेत सांगायचे तर डोळा पावती फाडतो, खातेवहीतील नोंद मात्र मेंदू करतो. कारकून सावध आहे की पेंगतो आहे, यावर त्या नोंदीची अचूकता अवलंबून असते.

जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये मानवी मेंदूलहरींचा आलेख प्रसिद्ध केला. मनुष्य डोळे मिटून निवांत बसला असता दिसणाऱ्या अल्फा लहरी डोळे उघडताच ओसरतात, हे त्यातून कळले. पुढे २०१० मध्ये अमेरिकेतील नील व स्ट्रायकर यांनी उंदरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. उंदरापुढील चित्र तेच होते; परंतु तो स्थिर उभा असताना दृष्टिक्षेत्रातील पेशी जो प्रतिसाद देत, तो धावताना अनेक पेशींत दुपटीहून अधिक झाला. चित्र बदलले नव्हते, मेंदूची अवस्था बदलली होती.

योगाच्या शास्त्रीय अभ्यासाचा एक धागा आपल्या खानदेशातूनही जातो. काही काळ अमळनेर येथे शिक्षणकार्य केलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांना उपकरणांच्या कसोटीवर आणले. पुढे १९६१ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना व बलदेव सिंग यांनी योग्यांच्या मेंदूलहरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ध्यानात नसताना प्रखर प्रकाश किंवा मोठा आवाज होताच योग्यांच्या अल्फा लहरी खंडित होत. समाधीत त्या अखंड राहिल्या. अभ्यासातील योगी मोजकेच होते; तरी बाहेरचा प्रकाश तोच असूनही मेंदूचा प्रतिसाद निराळा असू शकतो, हे त्यातून दिसले.

खाटेवरील वृद्धाचेही काहीसे असेच होते. जंतुसंसर्ग, क्षारांचे असंतुलन, काही औषधे व जागरण यांनी मेंदूची अवस्था ढळते आणि निरोगी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचाही अर्थ चुकतो. हे वेड नव्हे. कारण शोधून उपचार केल्यास पुष्कळदा हा भ्रम ओसरतो. म्हणून असा बदल अचानक जाणवताच परिचारिकेस त्वरित कळवावे.

काही अंशी तो टाळताही येतो. अमेरिकेतील येल येथे ७० वर्षे व त्यावरील ८५२ रुग्णांच्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांशी बोलत राहणे, शांत झोप, चष्मा, श्रवणयंत्र, पुरेसे पाणी व हालचाल यांकडे लक्ष दिल्याने भ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून सुमारे १० टक्क्यांवर आले.

म्हणून आप्तजनांस विनंती की, रुग्णाचा चष्मा व श्रवणयंत्र घरी विसरू नये. दिवसा खिडकीचा पडदा उघडावा, रात्री दिवे व गप्पा आवराव्यात. आणि ओळखीच्या आवाजात आपले नाव, वार व गाव पुन्हा पुन्हा सांगावे. तो चुकला तरी त्याच्याशी वाद घालू नये.

देणगीदारांसही एक निवेदन. नव्या यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. शांत रात्रीवर ती लावता येत नाही. तरीही भिंतीवरचे मोठे घड्याळ, खिडकीचा पडदा आणि रात्रपाळीची एक जादा परिचारिका हाही उपचारच होय. या खर्चाकडेही आपण त्याच आस्थेने पाहावे, ही नम्र प्रार्थना.