दाखले नववीत काढावेत

उत्पन्नाच्या दाखल्यावर एक तारीख असते, ३१ मार्च. माणसाची गरिबी त्या दिवशी संपत नाही, पण दाखल्याची मुदत संपते. कॉलेजचे प्रवेश सुरू होतात जूनपासून पुढं. म्हणजे जानेवारीत हौसेनं काढून ठेवलेला दाखला ऐन गरजेच्या वेळी शिळा झालेला असतो, आणि मग जुलैत वडूजच्या तहसील कचेरीच्या आवारात, दाखल्यांचे अर्ज घेणाऱ्या सेतू केंद्राच्या खिडकीपाशी जी झुंबड उडते तिच्यात दुसऱ्यांदा आलेलेही पुष्कळ असतात. शिष्यवृत्तीबद्दल आपण बोलतो ते गुण, गरिबी आणि जात या तीन शब्दांत. माझं म्हणणं असं की, खटाव-माणसारख्या तालुक्यांत शिष्यवृत्ती मिळते की हुकते हे या तिन्हींपेक्षा कागद कुठं आणि कधी तयार झाला यावर जास्त ठरतं. ज्यांचे कागद इथं तयारच झाले नाहीत, ती मुलं नियमानं पात्र असूनही बाहेर राहतात. हे एकदा पटलं की तयारीची वेळ बदलावी लागते. बारावीचा निकाल लागेपर्यंत ती तयारी संपलेली असायला हवी.

यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची फी-सवलत आली, तेव्हा वर्षाला १,२०० रुपयांच्या आतल्या उत्पन्नाची बोली होती. आज राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची मर्यादा ८ लाख आहे, अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची अडीच लाख. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार पूर्ण भरतं, तिथंही ८ लाखांचीच मर्यादा. मेस, खोली, डेव्हलपमेंट फी त्यात येत नाही, हे मात्र घोषणेच्या फलकावर दिसत नाही. यातली सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे एकाच आकड्याचे दोन अर्थ. नॉन-क्रीमी लेअरसाठी ८ लाख मोजताना शेतीचं उत्पन्न आणि नोकरीचा पगार धरत नाहीत. शिष्यवृत्तीसाठी तहसीलदार जो उत्पन्नाचा दाखला देतात त्यात दोन्ही धरतात. त्यामुळं नॉन-क्रीमी लेअर हातात पडलं म्हणजे शिष्यवृत्ती पक्की, असं धरून चालणारा बाप तोंडघशी पडतो. दुसरा खड्डा प्रवेशाचा. व्यावसायिक अभ्यासक्रमात शुल्काची सवलत हवी तर प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधूनच झालेला लागतो. निकालाआधी "सीट पक्की करतो" म्हणणाऱ्याला अनामत देऊन व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की पुढची सगळी वर्षं पूर्ण फी भरणं आलं. मग मुलगी कितीही हुशार असो आणि दाखल्यावर उत्पन्न कितीही कमी असो.

आता ज्यांच्याविषयी मला खरं लिहायचं आहे त्यांच्याकडे वळतो. खटाव, माण, खानापूर, आटपाडी हा पट्टा गलाई व्यवसायाचा. पावसानं पाठ फिरवली म्हणून इथली माणसं सोनं-चांदी गाळायला केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंत गेली आणि तिथंच स्थिरावली. जत्रेला गावी येतात, गावात बंगला बांधतात, सातबारावर नाव असतं. पण पोराचा शाळेचा दाखला मल्याळममध्ये किंवा तमिळमध्ये, त्यावर जातीचा रकाना असेलच असं नाही, आणि दहावी-बारावी दोन्ही परराज्यातली. या मुलाला महाराष्ट्रातला अभियांत्रिकीचा प्रवेश बंद नाही. नियमात 'टाइप बी' नावाची सोय आहे: स्वतःचा, वडिलांचा किंवा आईचा महाराष्ट्राचा अधिवास दाखवला की राज्याच्या जागांवर हक्क सांगता येतो. (सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी 'टाइप ई' वेगळा.) पण प्रवेशाला वडिलांचा अधिवास चालला म्हणून शिष्यवृत्तीलाही तोच चालेल, असं समजू नये, तिथं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अधिवासाची अट असते. अधिवासाच्या दाखल्याला साधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. सातबारा जमिनीची मालकी सांगतो, माणूस तिथं राहिला की नाही ते सांगत नाही, हे कितीजणांना खिडकीवरच पहिल्यांदा कळतं!

जातीच्या दाखल्याचं तर याहून अवघड आहे. १९९० साली सर्वोच्च न्यायालयात मर्री चंद्रशेखर राव यांचं प्रकरण गाजलं. आंध्रातल्या अनुसूचित जमातीचा, वडिलांच्या नोकरीमुळं लहानपणीच मुंबईला आलेला हा विद्यार्थी सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात राखीव जागा मागत होता. न्यायालयानं सांगितलं, एका राज्यातली अनुसूचित म्हणून असलेली ओळख माणसाबरोबर दुसऱ्या राज्यात जात नाही. म्हणजे गावाकडच्या यादीतल्या कुटुंबाचं पोर त्रिचूरला वाढलं तर केरळात त्याला त्या यादीचा उपयोग नाही, आणि इकडं यायचं तर आजोबांपर्यंतचे पुरावे इथल्याच दप्तरातून काढावे लागतात. तारखाही पाठ करून ठेवाव्यात अशा आहेत: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधी घराणं महाराष्ट्रात राहत होतं हे दाखवायचं. सुटीत गावी आल्यावर आजोबांच्या प्राथमिक शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा घेणं हे गलाई कुटुंबासाठी जत्रेइतकंच महत्त्वाचं काम आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत इथं अनपेक्षितपणे कामाला येते. मूल आटपाडीच्या किंवा दहिवडीच्या आजोळी जन्मलं असेल तर तिथल्या जन्मनोंदीनं निदान जन्म महाराष्ट्रातला ठरतो.

दुसरा गट गावाच्या कडेला पाल टाकून राहणाऱ्यांचा. त्यांचा कागद परराज्यातही नाही, कुठंच नाही. रामोशी, कैकाडी, पारधी, कंजारभाट अशा कित्येक जमातींना इंग्रजांनी १८७१ पासूनच्या कायद्यांनी गुन्हेगार ठरवलं, आणि ती मोहोर पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावं लागलं. ज्यांची दिवसाकाठी हजेरी घेणारी रजिस्टरं सरकारनं ठेवली, त्यांच्याच नातवंडांकडे सरकार आता १९६१ पूर्वीचा रहिवासाचा कागद मागतं. यावर हसावं की रडावं कळत नाही. अशा घरात वडील शाळेत गेलेले नसतात आणि जन्माची नोंद वाटेतल्या कुठल्याही गावात असते किंवा नसतेच. तरीही रस्ता पूर्ण बंद नाही. कागद नसेल तिथं स्थानिक चौकशी, गृहचौकशी करून जातीचा दाखला देण्याची मुभा अधिकाऱ्यांना आहे, आणि वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची जात पडताळणी झालेली असेल तर ते प्रमाणपत्र सर्वांत भक्कम पुरावा ठरतं. अडचण एवढीच की गृहचौकशीला वेळ लागतो, आणि प्रवेशाच्या वेळापत्रकात तेवढा वेळ कधीच नसतो.

अशा मुलांसाठी पुराव्याची अट सैल करावी म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला: बोगस लाभार्थी घुसतील. भीती खोटी नाही. शिष्यवृत्तीतल्या गैरव्यवहारांसाठी राज्याला विशेष तपास पथक नेमावं लागलं होतं. पण ती लूट संस्थांनी पटावरच्या मुलांच्या नावावर फी उचलून केली होती. कागद नसलेल्या पालावरच्या पोरानं ती केली नव्हती. खोटं करणाऱ्याकडे कागद नेहमीच चोख असतात. कागद वाढवून चोरी थांबते हे म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं अशाच पेचातून काढलेली वाट पाहण्यासारखी आहे. नागरिकत्वाची कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना तिथं २००१ च्या कायद्यानं राज्यातल्याच विद्यार्थ्यांच्या दरानं फी लागू झाली आणि २०११ च्या कायद्यांनी सरकारी आर्थिक मदतही खुली झाली. मुख्य कसोटी ठेवली राज्यातल्या शाळेत घालवलेल्या वर्षांची. मुलगा इथला आहे की नाही हे त्याच्या शाळेपेक्षा कुणाला जास्त माहीत असणार? आपल्याकडची मुलं तर याच देशाची नागरिक आहेत. १९८४ साली डॉ. प्रदीप जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं भारतात अधिवास एकच, भारताचा, असं बजावलंही होतं. तरी दाखल्यावरचा शब्द तोच राहिला.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. काहीजण म्हणतात, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसवली, तेव्हा कोण दाखले मागत होतं? कागदच नकोत! ऐकायला बरं वाटतं. पण कर्मवीर अण्णांना प्रत्येक पोराचं घर ठाऊक होतं. मंत्रालयाला ते ठाऊक नाही, आणि पैसा जनतेचा आहे. साक्ष लागणारच. फक्त ती मुलाच्या सर्वांत जवळच्या माणसाची असावी, आणि तो माणूस म्हणजे गावच्या शाळेचा मुख्याध्यापक. सलग सात-आठ वर्षांचा शाळेचा पट हा रहिवासाचा पुरावा धरला, तर पालावरच्या पोराचा अर्धा प्रश्न सुटेल. गलाईवाल्याचा त्यानं सुटणार नाही, हे मी मान्य करतो. त्याला आजोबांचं रजिस्टर शोधावंच लागेल.

तिसरा आक्षेप शहरी माणसाचा असतो: सगळं ऑनलाइन आहे, लोक आळशी आहेत. त्यानं एकदा नावांकडे बघावं. सातारा-सांगलीत बापाचं नाव शाळेत 'दादासो', आधारवर 'दादासाहेब', बँकेत इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. बाळासो, आण्णासो, बापूसो यांच्या पोरांची हीच कथा. माणसाला यात काही वावगं दिसत नाही, संगणकाला ही तीन माणसं दिसतात. पत्त्यातही गंमत आहे. तालुका खटाव, कचेरी वडूजला, आणि खटाव नावाचं गाव निराळंच. परगावी बसून फॉर्म भरणारा हमखास गोंधळतो. आणि महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज मंजूर झाला तरी पैसे येतात ते आधारशी सीडिंग झालेल्या खात्यात. पासबुकाला आधार जोडलेला असणं वेगळं आणि आधारवरचे सरकारी पैसे वळवणाऱ्या एनपीसीआय या यंत्रणेच्या नोंदीत ते खातं असणं वेगळं. कुणी नंतर दुसऱ्या बँकेत खातं काढून तिथं आधार दिला तर नोंद तिकडं सरकते आणि घरचे जुन्या पासबुकात पैसे शोधत बसतात. यात आळस कुठं आहे?

तेव्हा क्रम असा धरावा. जातीचा दाखला नववीत, अधिवास दहावीच्या सुटीत, जात पडताळणीचा अर्ज अकरावीत. उत्पन्नाचा दाखला तेवढा दरवर्षी एप्रिल उजाडला की नवा. सेतूत अर्ज दिल्यावर पोचपावती घ्यायचीच, कारण २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं मुदत मोजता येते आणि ती टळली तर अपील करता येतं. तोंडी "पुढच्या आठवड्यात या" विरुद्ध अपील होत नाही. पण या सगळ्याच्या आधीचं काम शाळेत आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्यापूर्वी वर्गशिक्षकांना सांगून जनरल रजिस्टरमधली आपली ओळ स्वतः वाचावी: मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात आणि पोटजात. 'हिंदू मराठा' की 'हिंदू कुणबी', 'रामोशी' की 'बेरड', बापाचं 'दादासो' की 'दादासाहेब', तिथं जे लिहिलंय तेच पुढं प्रत्येक दाखल्यावर उतरणार. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांकडे पुरावा देऊन चूक सुधारता येते. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की माध्यमिक शाळा संहिता आडवी येते आणि त्या एका ओळीसाठी वर्षभर खेटे घालावे लागतात.