नोंदीची चिठ्ठी आणि यंत्राचे उत्तर

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे ह्यांच्या पुढाकाराने संस्कृतच्या बृहत्कोशाचे कार्य सुरू झाले. सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द टिपण्यात पंचवीस वर्षे गेली व जवळजवळ १ कोटी चिठ्ठ्या जमल्या. पहिल्या खंडाचा आरंभीचा भाग १९७६ साली निघाला. शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या स्थळी आला, ह्याचा निर्देश चिठ्ठीवर असतो. म्हणून ती लिहिणारा हयात नसला तरी नव्या अभ्यासकास मूळ ग्रंथ उघडून ती पडताळता येते. ज्ञान व्यक्तीबरोबर निघून न जाता संस्थेत राहावे, ह्या व्यवस्थेस ज्ञान-व्यवस्थापन म्हणतात. शाळेत मात्र गुरुजींची बदली झाली की कोणत्या वाडीतील मुले कोणत्या उदाहरणापाशी अडतात, हे ज्ञान बहुधा त्यांच्याबरोबरच गावाबाहेर पडते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र क्षणात उत्तर देते. परंतु ते उत्तर कशावरून आले, हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. ज्ञान-व्यवस्थापनासाठी २०१८ साली आय.एस.ओ. ३०४०१ हे आंतरराष्ट्रीय मानक निघाले. कालबाह्य वा चुकीच्या ज्ञानाचे काय करावे, ह्याचाही विचार त्यात आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या व्यवस्थापनाचे मानक, क्रमांक ४२००१, २०२३ च्या अखेरीस आले. यंत्रास पुरविलेली माहिती कोठून आली, जबाबदार कोण आणि लोकांवर परिणाम काय होईल, हे प्रश्न त्यात येतात. दोन्हींच्या कलमांचा साचा एकच असल्याने त्यांची अंमलबजावणी एकत्र करणे शक्य आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी दप्तर एकाकडे व यंत्र दुसऱ्याकडे राहते, आणि घोटाळा तेथेच होतो.

समजा, यंत्राने केलेल्या सरावपत्रिकेत ‘पावणेदोनशे’ म्हणजे १९९ असे छापून आले. शिक्षिकेने लाल शाईने १७५ केले, तास निभावला, कागद रद्दीत गेला. शेजारच्या शाळेत पुढील आठवड्यात तीच चूक फळ्यावर चढू शकते. (मुले फळ्यावरील आकड्यास सहसा हरकत घेत नाहीत.) त्याऐवजी एका वहीत चूक, दुरुस्ती, आधाराचे पाठ्यपुस्तक व पान, तपासणाऱ्याची सही आणि तारीख लिहावी, मुलांची नावे त्यात नकोत व यंत्रासही देऊ नयेत. पुढील पत्रिका मागताना ह्याच वहीतील दुरुस्त्या यंत्रापुढे ठेवाव्यात, आणि पत्रिका आल्यावर वहीशी ताडून मगच वर्गात न्यावी. केंद्रातील मासिक बैठकीत वह्यांची अदलाबदल केल्यास एका शाळेची दुरुस्ती दुसऱ्या शाळेस मिळेल. बदलीच्या वेळी ही वही हजेरीपटाबरोबर नव्या शिक्षकाच्या स्वाधीन करावी.