काम करू वाटंना

पेरणीचे दिवस आहेत. शेजारच्या रानात कुरी चालली आहे. पण एक माणूस घोंगडे पांघरून पडून आहे. विचारले तर म्हणतो, "काय करू वाटंना."

घरचे म्हणतात, आळशी झाला. म्हातारी म्हणते, नजर लागली.

आळशाला काम नको असते, पण पारावरच्या गप्पा आणि जत्रा हवी असते. या माणसाला तेही नको. जेवण गोड लागत नाही. झोप उडते, नाहीतर दिवसभर झोपच येते. आपण कुणाच्या उपयोगाचे नाही, असे त्याला वाटते. दोन आठवडे असेच चालले, तर तो मनाचा आजार असू शकतो. त्याला नैराश्य म्हणतात. 2019 आणि 2021 च्या महापुरात आपल्या जिल्ह्यात उभा ऊस कुजला. अशा घावानंतर हे दुखणे जडते. कधी काही न घडताही जडते.

याला उपाय आहे. गोव्यात संगाथ नावाच्या संस्थेने साध्या माणसांना शिकवून तयार केले. ती डॉक्टर नव्हती. ती रोग्याशी दवाखान्यात किंवा घरी जाऊन बोलत. अशा सहा ते आठ बैठका होत. 495 रोग्यांवर हे पाहिले. 2017 साली निकाल छापला. ज्यांना या बैठका मिळाल्या, त्यांतले शंभरात 64 जण तीन महिन्यांत सावरले. ज्यांना नुसता दवाखान्याचा उपचार मिळाला, त्यांतले 39.

या बैठकांत उपदेश नसे. मोडक्या पायाला 'चाल' म्हणून काय उपयोग? मन खचले की माणूस बसतो. बसला की मन आणखी खचते. हे चाक उलटे फिरवायचे. मन लागेल मग काम करू, म्हणून थांबायचे नाही. काम मात्र अगदी लहान धरायचे. आज म्हशीला पाणी दाखवायचे, बस्स. उद्या बांधापर्यंत जाऊन यायचे. काय केले, मग कसे वाटले, ते पुढच्या बैठकीत सांगायचे. तुम्हाला आता लिहिता येते, तेव्हा वहीत दोन शब्द मांडून ठेवा.

दुखणे जास्त असेल तर डॉक्टर गोळ्या देतात. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. कुणी 'जगू वाटंना' म्हणाला, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. कोल्हापुरात सी.पी.आर. रुग्णालय आहे. 14416 या सरकारी नंबरावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते, आणि मराठीत बोलता येते.